दुचाकीवाल्यांनी बांधलेली मोटार

मराठवाड्यात एका मोटारीचा जन्म झाला आणि खुद्द मराठवाड्यालाच त्याची फारशी खबर नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्यात 'क्यूट' नावाची गाडी तयार झाली. लांबी पावणेतीन मीटर, वजन साधारण चारशे किलो, चार दारं, चार चाकं आणि हातात गोल स्टिअरिंग. मागच्या बाजूला बसवलेलं इंजिन मात्र एका सिलिंडरचं, २१६ सीसीचं, म्हणजे मोटारसायकलच्या घराण्यातलं. कायदा तिला मोटार म्हणत नाही. तिच्यासाठी 'क्वाड्रिसायकल' असा स्वतंत्र वर्ग करावा लागला. आणि जिनं ती बांधली, त्या कंपनीची सगळी हयात स्कूटर, रिक्षा आणि मोटारसायकली बनवण्यात गेलेली.

वाळूजपासून हिंगोली दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. हिंगोली, औंढा नागनाथ, वसमत, कळमनुरी, सेनगाव या रस्त्यांवर ॲपे दिसतात, रिक्षा दिसतात, एका मोटारसायकलवर बसलेलं अख्खं कुटुंब दिसतं. क्यूट क्वचितच दिसते. दुचाकी आणि मोटार यांच्यामधल्या या गाडीला आपल्याकडे जागा का मिळाली नाही, हे समजून घ्यायचं तर सत्तर वर्षं मागे आणि बरंच दूर जावं लागतं. कारण दुचाकीवाल्यांनी मोटार बांधण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता.

युद्धानंतरचा युरोप

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि इटलीतल्या माणसाची अवस्था आजच्या आपल्या निमशहरी माणसासारखीच होती. मोटारसायकल किंवा स्कूटर घेण्याइतके पैसे गाठीला जमले होते, मोटार आवाक्याबाहेर होती. लग्न झालं, मूल झालं, पावसात आणि बर्फात तिघांनी दुचाकीवर जायचं कसं, हा प्रश्न घरोघरी होता. मोटारसायकलच्या कारखान्यांनी तो ओळखला. इंजिन त्यांच्याकडे तयार होतं, दुकानं होती, मिस्त्री होते. वर छप्पर आणि खाली आणखी एक-दोन चाकं एवढंच काय ते हवं होतं.

इटलीत रेन्झो रिवोल्टा यांची 'इसो' कंपनी आधी फ्रीज बनवायची, नंतर स्कूटर आणि मोटारसायकलींकडे वळली. १९५३ मध्ये तिनं 'इसेटा' आणली. अंड्याच्या आकाराची ही गाडी दोन माणसांची होती आणि तिला एकच दार होतं, तेही समोर. दार उघडलं की स्टिअरिंग दाराबरोबर बाहेर झुकायचं. माणूस सरळ आत शिरून आसनावर बसायचा आणि दार स्वतःकडे ओढून घ्यायचा. म्युनिकच्या बीएमडब्ल्यूला तेव्हा मोठ्या आलिशान मोटारी तोट्यात नेत होत्या आणि मोटारसायकलींचा खप उतरत चालला होता. तिनं इसेटाचा परवाना घेतला, स्वतःच्या 'आर २५' मोटारसायकलचं २४७ सीसीचं इंजिन तिच्यात बसवलं आणि १९५५ पासून ती विकायला सुरुवात केली. १९६२ पर्यंत १,६१,७२८ इसेटा बाहेर पडल्या. आज आलिशान मोटारींसाठी ओळखली जाणारी ही कंपनी त्या अडचणीच्या वर्षांत तगून राहिली, त्यात मोटारसायकलच्या इंजिनावर चालणाऱ्या या एका दाराच्या गाडीचा मोठा वाटा होता.

बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावच्या हान्स ग्लास यांची गोष्ट तर शेतकऱ्यांच्या मुलखात आवर्जून सांगण्यासारखी आहे. त्यांच्या घराण्याचा धंदा पेरणी यंत्रांचा. १९५१ मध्ये त्यांनी 'गोगो' ही स्कूटर काढली आणि १९५५ मध्ये त्याच नावाची मोटार, 'गोगोमोबिल'. तिच्यात दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन होतं आणि चौघांना दाटीवाटीनं बसता येईल एवढी जागा होती. १९६९ पर्यंत अशा दोन लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. याच दरम्यान ग्लास कंपनी बीएमडब्ल्यूनं घेतली आणि पेरणी यंत्रांच्या त्या गावात आज बीएमडब्ल्यूचा मोठा कारखाना उभा आहे.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. न्यूरेंबर्गच्या झुंडाप या नावाजलेल्या मोटारसायकल कंपनीनं १९५७ मध्ये 'यानुस' काढली. पुढे एक दार, मागे एक दार. पुढचे प्रवासी रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि मागचे त्यांच्याकडे पाठ करून. दोन तोंडांच्या रोमन देवाचं नाव तिला शोभलं, पण सात हजारांचा आकडाही न गाठता १९५८ मध्ये ती बंद पडली. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाज्योनं १९५७ मध्ये फ्रान्समधल्या कारखान्यातून 'व्हेस्पा ४००' ही छोटी मोटार आणली. तीही १९६१ मध्ये थांबली.

इंजिन तेच, गरजा वेगळ्या

मोटारसायकलचं इंजिन मोटारीत बसवणं ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दुचाकीवर जे फुकट मिळतं, ते मोटारीत विकत घ्यावं लागतं. धावत्या मोटारसायकलच्या इंजिनाला वारा लागतो आणि ते थंड राहतं. मोटारीच्या पोटात कोंडलं की त्याला पंखा जोडावा लागतो. मोटारसायकलला रिव्हर्स गिअरची गरज नसते, मोटारीचं त्याशिवाय चालत नाही. मेसरश्मिट या विमान कंपनीच्या 'केआर २००' या तीनचाकीत त्यावर वेगळाच तोडगा काढला होता. टू-स्ट्रोक इंजिन उलट्या दिशेनंही फिरू शकतं. म्हणून गाडी थांबवून इंजिन बंद करायचं आणि उलटं चालू करायचं. मग जितके गिअर पुढे, तितकेच मागे.

दुसरी अडचण वळणाची. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून मोटारीच्या मागच्या आसाला डिफरन्शिअल लागतं. ते जड आणि महाग. इसेटात मागची दोन चाकं एकमेकांच्या इतकी जवळ बसवली की डिफरन्शिअलची गरजच उरली नाही. एका-एका सुट्या भागाचा खर्च असा वाचवत या गाड्या उभ्या राहिल्या होत्या.

इंजिनाचा आकार ठरवण्यात कायद्याचाही हात होता. जर्मनीत २५० सीसीपर्यंतची गाडी जुन्या मोटारसायकल परवान्यावर चालवता यायची, म्हणून इसेटा आणि गोगोमोबिल दोघींनी सुरुवातीला तीच मर्यादा पाळली. ब्रिटनमध्ये तीनचाकीला मोटारसायकलचा परवाना चालायचा आणि करही कमी पडायचा, म्हणून तिथे इसेटाला मागे एकच चाक लावून विकलं गेलं. छोटी गाडी कुठे तगणार आणि कुठे नाही, हे कारखान्याइतकंच सरकारी नियमांनी ठरवलं.

१९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलची टंचाई झाली आणि या गाड्यांना मागणी आली. मग १९५७ मध्ये फियाट ५०० आली, १९५९ मध्ये ब्रिटनची मिनी आली. थोड्या जास्त पैशांत खरीखुरी मोटार मिळू लागली, खिसेही भरले आणि साठच्या दशकात दुचाकीवाल्यांची मोटार युरोपातून जवळजवळ उठून गेली.

पुण्यात तिसरं चाक

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि हिंगोली निजामी अंमलातून मोकळी झाली. मीटरगेज रेल्वे, ठराविक रस्त्यांवरच्या बस, बाकी टांगा, बैलगाडी आणि पायी चालणं, असा तो काळ. त्याच सुमारास मुंबई प्रांतात मोटारीचा एक नवा प्रकार आकार घेत होता.

प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना माणसानं माणूस ओढणाऱ्या सायकल रिक्षा बंद करायच्या होत्या. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी पियाज्योच्या तीनचाकी मालगाडीचं चित्र एका मासिकात पाहिलं आणि तिच्यावर माणसं बसवता येतील, हे त्यांच्या ध्यानात आलं. पियाज्योनं १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर आणि १९४८ मध्ये तिच्याच अंगानं 'ॲपे' ही तीनचाकी बाजारात आणली होती. बजाज घराण्याची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून या गाड्या आयात करू लागली. फिरोदियांनी पुढाकार घेतला, मोरारजींना गाडी पटवून दिली आणि पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा धावू लागली.

१९५९ मध्ये बजाजला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. पियाज्योशी करार झाला आणि पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. १९५८ मध्ये फिरोदिया आणि बजाज यांनी हॅम्बुर्गच्या फिदाल कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेम्पो काढली आणि 'हॅन्सीट' ही मालवाहू तीनचाकी भारतात बनू लागली. मुंबईत भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना लँब्रेटा स्कूटर जोडत होता, तिच्यावरही तीनचाक्या निघाल्या. म्हणजे युरोपातल्या दुचाकी कारखान्यांनी जे केलं, ते महाराष्ट्रानंही केलं. फरक एकच होता. तिकडे दुचाकीच्या इंजिनावर घरच्या माणसांची गाडी झाली, इकडे भाड्याची.

याचं कारण पैशात आहे. साठच्या दशकातल्या भारतीय कारकुनाला गोगोमोबिलसुद्धा परवडली नसती. रिक्षा मात्र स्वतःची किंमत स्वतः फेडत होती. कर्ज काढून घेतलेली रिक्षा रोजच्या भाड्यातून हप्ता भरायची आणि वर घर चालवायची. त्या जुन्या टू-स्ट्रोक रिक्षा ज्यांनी चालवल्या, त्यांच्या हातात ती सगळी क्रिया आजही आहे: आसनाशेजारचा दांडा हातानं खसकन वर ओढायचा, इंजिन फुटफुटलं की डाव्या मुठीतला क्लच दाबून मूठ फिरवत गिअर टाकायचा, आणि पंपावर पेट्रोलमध्ये मोजून ऑइल मिसळून घ्यायचं. इंजिन जेमतेम १४५ सीसीचं, म्हणजे स्कूटरचंच. त्यावर तीन सवाऱ्या अधिकृत आणि मराठवाड्याच्या खेड्यांत त्याहून कितीतरी जास्त. १९७७ मध्ये बजाजनं इंजिन मागे बसवलेली रिक्षा आणली. पुढची कित्येक वर्षं देशातल्या शहरांची आणि तालुक्यांची वाहतूक तिनं पेलली.

पियाज्योही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा भारतात आली आणि बारामतीला डिझेलवरची ॲपे बनवू लागली. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, त्याच सुमाराची ही गोष्ट. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेले रस्ते आणि नव्यानं आलेली ॲपे यांची गाठ पडली ती पक्की. शाळेची पोरं, बाजारकरी, शेतमजूर, औंढ्याला दर्शनाला निघालेले भाविक, नर्सीला नामदेव महाराजांच्या जन्मगावी जाणारे वारकरी आणि वसमतच्या बाजाराकडे निघालेली हळदीची पोती, हे सगळं तिनं वाहिलं.

जपाननं काढलेली वाट

युरोपात दुचाकीवाल्यांची मोटार विझत असताना जपानमध्ये ती वाढत होती. जपान सरकारनं १९४९ मध्येच 'केई' म्हणजे हलक्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग केला होता आणि पुढे त्यात ३६० सीसीची मर्यादा पक्की झाली. या वर्गाला कर कमी होता, विमा स्वस्त होता आणि नियमही सैल होते. हामामात्सु गावात मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हातमाग-यंत्रमाग बनवण्याचा धंदा सुरू केला होता. त्यांच्या कंपनीनं १९५२ मध्ये सायकलला इंजिन जोडलं, मग मोटारसायकली काढल्या आणि १९५५ मध्ये ३६० सीसीची 'सुझुलाइट' मोटार आणली. त्याच गावातून निघालेल्या होंडानं १९६३ मध्ये छोटा ट्रक आणि १९६७ मध्ये एअर-कूल्ड इंजिनाची 'एन ३६०' बाजारात उतरवली. मोटारसायकलच्या इंजिनांवर कमावलेलं सगळं कसब तिच्यात होतं.

या वाटेचं एक टोक आपल्या दारात येऊन पोचलं. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या 'मारुती ८००' ची किल्ली तिच्या मालकाच्या हाती पडली. ती गाडी म्हणजे सुझुकीच्या केई मोटारीचीच, ७९६ सीसीचं इंजिन घातलेली आवृत्ती. ॲम्बॅसॅडर, फियाट आणि जीप यांपलीकडे काही न पाहिलेल्या जिल्ह्यांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या अंगणात पहिली मोटार आली ती हीच. मोटारसायकल कारखान्यानं बांधलेल्या छोट्या मोटारीनं भारत जिंकला, फक्त ती जपानमार्गे आली.

आपल्याच मातीतले प्रयत्न

इथल्या माणसांना ही कल्पना सुचली नव्हती असं अजिबात नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. तिचं इंजिन मागे होतं आणि धक्के झेलायला पोलादी स्प्रिंगऐवजी रबर वापरलं होतं. १९७० पर्यंत ते तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढत राहिले. बारा हजार रुपयांत ती सामान्य माणसाला मिळावी, असा त्यांचा हिशोब होता. पण मोटार बनवण्याचा परवाना मोजक्या कंपन्यांच्या हातात होता आणि मीरा कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. बंगळूरच्या सनराइज कंपनीनं सत्तरच्या दशकात 'बादल' ही फायबरच्या अंगाची, छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाची तीनचाकी मोटार काढली. तिचाही जम बसला नाही.

मीरा आणि सुझुलाइट यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की मन विषण्ण होतं. इचलकरंजीची पहिली गाडी हामामात्सुच्या गाडीच्या सहा वर्षं आधीची. जिद्द दोन्हीकडे होती. एकीकडे मागे कारखाना होता आणि समोर कायद्यानं मोकळी करून दिलेली जागा होती. दुसरीकडे एकटा माणूस होता आणि समोर परवान्याची भिंत होती.

क्यूट आणि हरवलेली वर्षं

जानेवारी २०१२ मध्ये बजाजनं दिल्लीत 'आरई ६०' नावानं आपली चारचाकी, म्हणजे पुढची क्यूट, दाखवली, तेव्हा परिस्थिती बदललेली होती. चार वर्षांपूर्वी, २००८ मध्ये, टाटांनी नॅनो दाखवली होती. नॅनो ही मोटार कंपनीनं स्वस्त केलेली मोटार होती. आरई ६० ही रिक्षा कंपनीनं सुधारलेली रिक्षा होती. तिला दार होतं, छत होतं, चौथं चाक होतं, ताशी सत्तर किलोमीटरचा वेग होता आणि लिटरला पस्तीसच्या आसपास किलोमीटर जाण्याचा दावा होता. रिक्षाच्या उघड्या बाजूंनी येणारा पाऊस, धूळ आणि वळणावर कलंडण्याचा धोका टाळावा, हा तिचा हेतू होता.

गाडी तयार होती, पण कायद्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता. २०१३ मध्ये केंद्र सरकारनं क्वाड्रिसायकलचा वर्ग मान्य केला. मग सुरक्षिततेचा वाद उभा राहिला, मोटार कंपन्यांतून विरोध झाला, न्यायालयांत याचिका गेल्या. तोवर क्यूट परदेशी निर्यात होऊ लागली. वाळूजची गाडी परदेशांतल्या रस्त्यांवर धावत होती आणि वाळूजच्या रस्त्यावर तिला मनाई होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये खाजगी वापराचा मार्ग मोकळा झाला आणि एप्रिल २०१९ मध्ये ती महाराष्ट्रात विक्रीला आली. पेट्रोलवरची किंमत २ लाख ४८ हजार, सीएनजीवरची २ लाख ७८ हजार. त्यात थोडीशी भर घातली की साधी मोटार मिळत होती. साठ वर्षांपूर्वी युरोपात फियाट आणि मिनीनं जे केलं, तेच इथे झालं.

सुरक्षिततेची शंका खोटी नव्हती. २०१६ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेनं हलक्या चारचाकींच्या चाचण्या घेतल्या, त्यात क्यूटला पाचपैकी एकच तारा मिळाला. पण तिची तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न आहे. मोटारीशी केली तर ती कमी पडते. दारं नसलेल्या रिक्षाशी, किंवा ट्रकांच्या गर्दीत दोन मुलं आणि नवरा-बायको घेऊन चाललेल्या मोटारसायकलशी केली, तर उत्तर वेगळं येतं. कायदा करणाऱ्यांनी ही दुसरी तुलना वेळेत केली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१३ मध्येच जागा मिळाली असती, तर बाजारानं तिचा निवाडा केला असता, आणि पहिल्या गाडीच्या उणिवा सुधारून दुसरी, तिसरी गाडी निघाली असती. सुझुलाइटपासून मारुती ८०० पर्यंतचा प्रवास असाच झाला. पहिल्या गाडीत कुणीच परिपूर्ण नसतं.

आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे हा प्रश्न पुन्हा समोर आला आहे. छोटी बॅटरी, छोटी मोटर, कमी वजन आणि तालुक्याच्या गावापुरता वेग, अशा गाडीची गरज हिंगोलीसारख्या जिल्ह्याला मुंबई-पुण्यापेक्षा जास्त आहे. तिच्यासाठी वेगळा, सोपा आणि सुरक्षिततेच्या बाबतीत प्रामाणिक असा नियमांचा वर्ग वेळेवर तयार करणं, हे काम कारखान्याचं नाही, सरकारचं आहे.

आणि एक काम आपलं आहे. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षा, टेम्पो हॅन्सीट, लँब्रेटाच्या तीनचाक्या भंगारात चालल्या आहेत. त्यांची आरसी बुकं, परमिटं, फोटो, पहिल्या हप्त्याच्या पावत्या अजून कित्येक घरांच्या पेट्यांत असतील, आणि त्या चालवणारी माणसंही अजून आपल्यात आहेत. आपल्या घरात, गल्लीत, गॅरेजात असं काही असेल तर ते रद्दीत देऊ नका. त्या माणसांशी बोला, आठवणी लिहून काढा, गाडी उभी असेल तर तिचे फोटो घेऊन नंबर आणि साल टिपून ठेवा आणि जवळच्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवा. मराठवाड्यात चाकं कशी आली, याचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे, आणि त्याची साधनं तुमच्याच घरात आहेत.